भंगाराच्या भिंतीपुढचं भाषण

२८ जून २०१६ रोजी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार डोनाल्ड ट्रम्प पिट्सबर्गजवळच्या मोनेसन या गावी आले. उमेदवार व्यासपीठावर, दोन्ही बाजूंना भाषण वाचून दाखवायच्या काचा, आणि पाठीमागे दाबून चौकोनी गठ्ठे केलेल्या ॲल्युमिनियमच्या भंगाराची उंच, चकाकती भिंत. जागा भंगारातून धातू काढणाऱ्या एका कारखान्याची. अमेरिकेचं आर्थिक स्वातंत्र्य जाहीर करायला आलो आहोत, असा भाषणाचा थाट होता. 'टीपीपी' या पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडू, मेक्सिको-कॅनडाबरोबरचा नाफ्टा पुन्हा लिहून घेऊ, नाही तर फाडू, चीनला चलनात लबाडी करणारा देश म्हणून जाहीर करू, आयात शुल्क लावू. आधाराला वॉशिंग्टन, हॅमिल्टन आणि लिंकन.

मी तेव्हा पिट्सबर्गला येऊन बरीच वर्षं झाली होती. मोनेसन माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत. भाषण मी टीव्हीवर ऐकलं, आणि लक्षात राहिली ती भिंत. भंगाराचा धंदा जगाच्या भावावर चालतो. लंडनच्या धातुबाजारात ॲल्युमिनियम चार पैशांनी हललं, की इथल्या गठ्ठ्याची किंमत हलते. जगाच्या बाजारावर जगणाऱ्या मालाला पाठ टेकून जगाच्या बाजाराला शिव्या दिल्या जात होत्या, आणि ते कुणाला खटकत नव्हतं. पुढच्या रविवारी मी गाव बघायला गेलो. या पुस्तकातला पहिला लेख त्या फेरीचा आहे. बाकीचे त्याच्या मागून आले.

गावाचं नाव दोन नावांचं कलम आहे. खालून वाहणारी मोनोंगाहेला नदी आणि जर्मनीतलं पोलादाचं शहर एसेन. इथले लोक नदीला नुसतं 'मॉन' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी इथे पहिला कारखाना आला तो डब्यांना लागणाऱ्या कथलाच्या पत्र्याचा. तोवर अमेरिका हा पत्रा वेल्समधून आणत असे. १८९० साली मॅकिन्ले यांच्या कायद्याने त्यावर भरभक्कम शुल्क बसलं, आणि पाठोपाठ देशात पत्र्याचे कारखाने निघाले. म्हणजे गावाच्या जन्मात जकातीचा हात आहे, हे मान्य करूनच पुढे गेलं पाहिजे. माझ्या, म्हणजे खुल्या व्यापाराच्या, बाजूचे लोक ही गोष्ट सांगायची टाळतात. मी टाळणार नाही, कारण तिचा उत्तरार्ध माझ्या उपयोगाचा आहे.

पुढे इथे पोलादाची मोठी गिरणी झाली. १९३० च्या सुमारास वस्ती वीस हजारांवर होती. आज ती सात हजारांच्या आसपास आहे. मुख्य रस्त्यावरच्या दुकानांच्या काचांना आतून प्लायवूड ठोकलेलं, एका बंद बँकेच्या दगडी खांबांवर वेल चढलेली. गिरणी बंद पडली १९८६ साली. आता तारखा बघा. परदेशी पोलाद रोखण्यासाठी जपान आणि युरोपशी 'स्वेच्छेने निर्यात कमी करा' असे करार अमेरिकेने १९६९ सालीच करून घेतले होते. १९७८ साली कार्टर सरकारने आयात पोलादाला किमान किमतीची चौकट घातली. १९८४ साली रेगन यांनी, तोंडाने मुक्त व्यापाराचा जप चालू ठेवून, एकेका देशाला कोटा ठरवून दिला. म्हणजे मोनेसनची गिरणी दारं उघडी पडून वाऱ्याने गेली नाही. दार लावलेलं असतानाच तिने प्राण सोडला. तिच्या पोटावर पाय आला तो बराचसा देशातच, दक्षिणेकडच्या राज्यांत उभ्या राहिलेल्या लहान गिरण्यांमुळे. त्या खनिजाऐवजी भंगार वितळवतात, विजेच्या भट्टीत. १९८० च्या सुमारास एक टन पोलादाला दहा मनुष्यतास लागत, आता दोनही लागत नाहीत. जे आठ तास गेले, ते कुठल्याही बोटीत बसून चीनला गेलेले नाहीत.

हे मला पुस्तकात वाचून पटलं असं नाही. मी लालबागचा. आमचे वडील एका गिरणीत जॉबर होते आणि १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या हाकेवर संपावर गेले, सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर. परत कामावर गेले नाहीत, कारण परत जायला गिरणी राहिली नाही. तेव्हा आपल्या देशात परदेशी कापडाला जवळजवळ मज्जाव होता. मँचेस्टर नाही, जपान नाही, चीन तर नाहीच. पृथ्वीच्या पाठीवरची एक अत्यंत बंदिस्त बाजारपेठ, आणि तिच्यात गिरणगाव बसलं. माल विणला जात होता भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत, यंत्रमागांवर. संपाच्या काळात मालकच तिथून कापड विणून घेत आणि आपला शिक्का मारून विकत. कुठल्याही परदेशी माणसाला दोष द्यायची सोय नव्हती, म्हणून आम्ही मालकाला, सरकारला, सामंतांना आणि शेवटी नशिबाला दिला. मोनेसनच्या लोकांना ती सोय होती. कुणीतरी येऊन ती दाखवून द्यायचाच अवकाश होता.

उमेदवाराबद्दल एक गैरसमज आधी दूर करतो. या गृहस्थांना ठाम असं मतच नाही, वारा येईल तशी पाठ फिरवतात, असं त्यांचे विरोधक म्हणत. गर्भपात, बंदुका, आरोग्यविमा यांबाबत ते खरं असेल. व्यापाराबाबत नाही. २ सप्टेंबर १९८७ रोजी त्यांनी न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट आणि बोस्टन ग्लोब या तीन वर्तमानपत्रांत सुमारे ९५ हजार डॉलर मोजून पानभर जाहिरात दिली होती. जपान आणि इतर श्रीमंत मित्रदेश अमेरिकेच्या जिवावर चैन करत आहेत, त्यांच्याकडून वसुली करा, असा तिचा मथितार्थ. एकोणतीस वर्षांनी जपानच्या जागी चीन आणि मेक्सिको आले. बाकी मजकूर तोच. माणूस इतका सातत्याने बोलत असेल, तर त्याचं म्हणणं गंभीरपणे घेऊन खोडलं पाहिजे. त्याच्या केसांवर विनोद करून भागणार नाही. अमेरिकेतल्या पत्रकारांनी २०१६ साली बहुतेक वेळ विनोदातच घालवला.

आणि ते एकटेही नव्हते. त्याच वर्षी बर्नी सँडर्स डाव्या बाजूने जवळपास हीच गाणी गात होते. हिलरी क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्री असताना ज्या टीपीपीची तोंड भरून स्तुती केली, तिला त्यांनी २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये सोडचिठ्ठी दिली. खुल्या व्यापाराच्या बाजूने उघडपणे उभे होते ते लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन. सीरियातल्या अलेप्पोबद्दल विचारलं तेव्हा टीव्हीवर त्यांनी 'हे अलेप्पो काय असतं?' अशा अर्थाचा प्रतिप्रश्न केला आणि तेवढ्यासाठीच ते लोकांच्या लक्षात राहिले. तरी सुमारे ४५ लाख मतं पडली, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडी अधिक.

'लिबर्टेरियन', म्हणजे सरकारची ढवळाढवळ कमीत कमी असावी असं मानणारा, या शब्दाला मराठीत नेमका शब्द मी शोधत राहिलो. उदारमतवादी म्हटलं तर नेमस्त आठवतात. स्वातंत्र्यवादी म्हटलं तर स्वातंत्र्यसैनिक. शेवटी शब्द तसाच ठेवला. आपल्याकडे या वळणाने मोठ्या सभांतून बोलणारा माणूस एकच, शरद जोशी. जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या नावाने देशभर छाती बडवणं चालू होतं, तेव्हा शेतकऱ्यांच्या व्यासपीठावरून त्याचं स्वागत करायची छाती त्यांच्यात होती. शेतमालाची निर्यात अडवणं म्हणजे शेतकऱ्याच्या खिशात हात घालणं, हे त्यांचं साधं गणित होतं. ते चुकीचं ठरवायचं असेल त्याने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क लागल्यावर लासलगावला लिलाव का बंद पडले, ते सांगावं.

परदेशी मालावरचं शुल्क परदेशी माणूस भरतो, हा मोनेसनच्या भाषणातला गाभ्याचा समज. तो कसा फसतो याचं माझं आवडतं उदाहरण धुलाईयंत्राचं आहे. जानेवारी २०१८ मध्ये आयात धुलाईयंत्रांवर शुल्क लागलं, पहिल्या बारा लाख नगांवर वीस टक्के, त्यापुढे पन्नास. मध्यवर्ती बँकेतल्या आणि शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी नंतर दुकानातले भाव तपासले. धुलाईयंत्रं सुमारे बारा टक्क्यांनी महागली होती, आणि केवळ परदेशी नव्हे, देशी कंपन्यांचीही. खरी मौज पुढे आहे. कपडे वाळवायचं यंत्र, ड्रायर, त्याच्यावर काही शुल्क नव्हतं. तेही जवळपास तेवढंच महागलं. कारण अमेरिकेत ही दोन यंत्रं जोडीने घेतात, सासर-माहेरच्या आहेरासारखी. दुकानदाराने वाढ दोघांवर वाटून टाकली. नोकऱ्या वाढल्या सुमारे अठराशे. ग्राहकांनी जादा मोजलेले पैसे त्या नोकऱ्यांत वाटले, तर एकेका नोकरीमागे ८ लाख १५ हजार डॉलर पडतात. एवढ्यात त्या कामगाराला घरी बसवून पगार देऊन, वर त्याच्या मुलांची कॉलेजं करून पैसे उरले असते. तेव्हाचे वाणिज्यमंत्री त्या अठराशे नोकऱ्यांसमोर उभे राहून फोटो काढू शकतात. महाग यंत्र न घेता जुनंच दुरुस्त करून वापरणारी ओहायोतली बाई कुठल्याच फोटोत येत नाही. फ्रेडरिक बास्तिया नावाच्या फ्रेंच माणसाने हा दिसणाऱ्या-न दिसणाऱ्याचा फरक १८५० मध्ये लिहून ठेवला होता.

शुल्क एकदा लागलं की ते का लागलं हे विसरलं जातं आणि माणसं त्याच्याभोवती वाटा काढू लागतात. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर वाढवला म्हणून चिडून अमेरिकेने १९६४ पासून आयात मालवाहू गाड्यांवर पंचवीस टक्के शुल्क बसवलं. कोंबड्यांचं भांडण मिटून पिढ्या गेल्या, शुल्क आहे तसं आहे. फोर्ड या अमेरिकन कंपनीची एक छोटी व्हॅन तुर्कस्तानात बनत असे. तेव्हा प्रवासी गाडीवर शुल्क होतं अडीच टक्के, मालवाहू गाडीवर पंचवीस. म्हणून गाडीला मागची बाकं, पट्टे आणि खिडक्या बसवून ती प्रवासी गाडी म्हणून बाल्टिमोरच्या बंदरात उतरवायची, आणि शेजारच्या शेडमध्ये लगेच बाकं उपटून यंत्रात भरडून टाकायची. नवी कोरी बाकं, ज्यांवर कुणी कधी बसलेलं नाही. ती बनवायला तिकडे माणूस लागला, तोडायला इकडे. खटला वर्षानुवर्षं चालला आणि २०२४ साली कंपनीने ३६ कोटी ५० लाख डॉलर भरून तो मिटवला.

मार्च २०१८ मध्ये पोलादावर पंचवीस आणि ॲल्युमिनियमवर दहा टक्के शुल्क आलं, तेव्हा मला घरचा वास आला. ज्याला विशिष्ट जाडीचं, विशिष्ट जातीचं पोलाद देशात मिळत नाही, त्याने वाणिज्य खात्याकडे सवलतीचा अर्ज करायचा. प्रत्येक मापाला वेगळा अर्ज. त्यावर देशी पोलाद कंपनी हरकत घेणार, 'आम्ही देऊ शकतो' म्हणणार. मग खात्यातला कुणीतरी निर्णय देणार. हजारोंनी अर्ज पडले. मोठ्या कंपन्यांनी वकील लावले, पन्नास माणसांच्या वर्कशॉपवाल्याने रात्री बायकोला शेजारी बसवून फॉर्म भरला. पुण्या-मुंबईच्या साठीपुढच्या कारखानदाराला विचारा, डीजीटीडी म्हणजे काय? हे यंत्र देशात बनत नाही असा दाखला मिळवण्यासाठी दिल्लीला किती खेपा झाल्या, कुणाच्या टेबलावर फाइल किती महिने निजली, हे तो तारखांसह सांगेल. आपण त्याला परमिटराज म्हणत होतो. या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर हेच: त्या उमेदवाराने मोनेसनला जे विकायला आणलं, ते परमिटराज होतं, आणि अमेरिकन माणसाला ते ओळखता आलं नाही, कारण त्याने ते भोगलेलं नाही. स्कूटरची नोंदणी करून मुलाच्या बारशापासून मुंजीपर्यंत थांबणारा बाप त्याने पाहिलेला नाही.

इथे मराठी वाचकाचा एक आक्षेप मला ऐकू येतो, आणि तो वजनदार आहे. न्यायमूर्ती रानडे यांचं काय? त्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान देताना, इंग्रजांचं मुक्त व्यापाराचं शास्त्र सगळ्या देशांना सारखं लागू नाही, असंच प्रतिपादन केलं होतं ना? जर्मन फ्रीडरिख लिस्टचं बोट धरलं होतं ना? होय. आपल्या मनाची घडण स्वदेशीची आहे आणि तिची मुळं खोल आहेत, म्हणूनच हे पुस्तक मराठीत लिहिलं. पण रानडे ज्या अन्यायाने अस्वस्थ होते, त्याच्याकडे नीट बघा. १८९६ साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसली, ती लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावाने. नाव मुक्त व्यापाराचं, काम लँकेशायरला संरक्षण द्यायचं. कर लावायची लेखणी ज्याच्या हाती असते, त्याच्या दाराशी धंदेवाले रांग लावतात, हाच धडा त्यातून निघतो. रानड्यांना लेखणी आपल्या माणसाच्या हाती हवी होती. आपल्या माणसाच्या हाती ती आल्यावर चाळीस वर्षं काय झालं, हे त्यांना पाहायला मिळालं नाही. आपल्याला मिळालं. या मुद्द्यावर दुसरा लेख आहे आणि तो सर्वांत लांब झाला आहे.

अटलांटिक सिटीतल्या एका विधवा बाईची गोष्ट तिसऱ्या लेखात आहे. व्यापाराशी तिचा संबंध नाही असं संपादनात मदत करणाऱ्या मित्राचं मत पडलं. मी ती हट्टाने ठेवली. ट्रम्प यांच्या कॅसिनोला लागून तिचं तीन मजली घर होतं. लिमोझिन गाड्या उभ्या करायला ती जागा हवी होती. बाई विकेना, तेव्हा न्यू जर्सी राज्याच्या एका प्राधिकरणाने सार्वजनिक हिताच्या नावाखाली भूसंपादनाची नोटीस काढली. ती कोर्टात गेली आणि १९९८ साली जिंकली. छोट्या माणसाचा कैवार घेणाऱ्या नेत्याला सरकारी बळ कुणाच्या अंगणात वापरावंसं वाटतं, हे मला त्यात दिसतं. आयात शुल्कही मला त्याच जातीचं वाटतं: माझा सौदा कुणाशी व्हावा, हे तिसऱ्याने ठरवायचं.

आता आमच्या बाजूचा दोष. मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते मोनेसनसारख्या गावांशी उद्दामपणे वागले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे मांडले तेव्हा दिसलं, की चिनी आयातीच्या लाटेत १९९९ ते २०११ या काळात वीस लाखांच्या आसपास नोकऱ्या गेल्या, आणि त्या ठरावीक गावांतच गेल्या. लोक दुसरीकडे जातील, दुसरं काम शिकतील, असं पाठ्यपुस्तक सांगत होतं. ते गेले नाहीत. पन्नाशीच्या भट्टीवाल्याने संगणक शिकावा, हा सल्ला देणाऱ्यांत मीही होतो, आणि लालबागच्या पोराने तरी तो द्यायला नको होता. वडिलांनाही कुणीतरी असंच सांगितलं होतं. त्यांनी पुढे वॉचमनची नोकरी केली.

एक योगायोग इथेच नोंदवतो. मोनेसनला त्याआधी जॉन केनेडी येऊन गेले होते, १३ ऑक्टोबर १९६२ ला. त्याच्या दोन दिवस आधी त्यांनी व्यापार विस्तार कायद्यावर सही केली होती. जगाशी व्यापार वाढवायचा आणि त्यात ज्यांचं काम जाईल त्यांना सरकारने हात द्यायचा, अशी त्या कायद्याची योजना. हात फार तोकडा पडला. त्याच कायद्यात राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने आयात रोखायचं २३२ क्रमांकाचं एक कलमही होतं, आणि ५६ वर्षांनी पोलादावर शुल्क लावताना ट्रम्प सरकारने नेमकं तेच उपसलं. दार उघडायच्या कायद्यात कुलूप आधीच ठेवलेलं होतं.

लेख बहुतेक २०१६ ते २०२० या काळातले आहेत. इथल्या गणपतीत जेवणाच्या पंगतीला झालेल्या भांडणांचे पडसाद त्यांत आहेत, आणि काही ठिकाणी आवाज चढला आहे. तो मुद्दाम उतरवला नाही. चीनने सोयाबीन घेणं कमी केल्यावर अमेरिकन शेतकऱ्यांना दोन वर्षांत २,८०० कोटी डॉलर वाटायची योजना आली, तिच्यावरचा लेख मात्र पूर्ण नवा लिहिला. वाचकाने क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. ज्याला अर्थशास्त्राचा कंटाळा आहे, त्याने व्हॅनच्या बाकांपासून सुरुवात करावी.

छपाईला देताना एकच भर घालतो. ३० मे २०२५ रोजी ट्रम्प पुन्हा मॉनच्या खोऱ्यात आले, या वेळी राष्ट्राध्यक्ष म्हणून, मोनेसनच्या खालच्या अंगाला असलेल्या वेस्ट मिफ्लिनच्या पोलाद कारखान्यात. पोलादावरचं शुल्क पन्नास टक्के करत असल्याचं त्यांनी तिथेच सांगितलं. त्याच सभेत त्यांनी यू. एस. स्टील आणि जपानची निप्पॉन स्टील यांच्या सोयरिकीचा सोहळाही साजरा केला. जून महिन्यात व्यवहार झाला. कंपनी जपान्यांची झाली आणि अमेरिकन सरकारच्या हाती एक 'सोनेरी शेअर' आला. यू. एस. स्टीलला आपलं मुख्यालय पिट्सबर्गहून हलवायचं असेल, तर आता राष्ट्राध्यक्षांची संमती लागते.